फाउंड्री नवीकरणीय विजेवर चालवायची तर सुरुवात कुठून करावी?

शिरोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची बिडाच्या कास्टिंगची मध्यम आकाराची फाउंड्री आहे. ट्रॅक्टर आणि पंपाचे सुटे भाग ओततो. महिन्याला साधारण ३५० टन धातू वितळतो आणि त्यातून २१० टनांच्या आसपास चांगले कास्टिंग बाहेर पडते. ५५० किलोवॅटची इंडक्शन भट्टी (विजेच्या कॉइलने धातू वितळवणारी), साच्यांच्या वाळूचा प्लांट, दोन कॉम्प्रेसर, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करण्याचे काम) आणि छोटे मशीनशॉप मिळून महिन्याचा वापर तीन लाख युनिटांच्या घरात जातो. मंजूर मागणी, म्हणजे एका वेळी ओढता येणाऱ्या विजेची ठरलेली मर्यादा, १,००० केव्हीए आहे. आजवर भट्टी मुख्यतः रात्रीच चालवत आलो, कारण रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत मिळत असे आणि सगळे वेळापत्रक त्याच हिशेबाने बसले होते.

आता आमच्या मुख्य ग्राहकाने पुरवठादारांकडे विचारणा सुरू केली आहे की तुमच्या विजेपैकी किती टक्के नवीकरणीय आहे, पाणी आणि वाळू किती वापरता आणि पुढील पाच वर्षांचा आराखडा काय आहे. ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने सेबीच्या शाश्वतता अहवालासाठी तिला ही माहिती लागते, असे सांगण्यात आले. त्यानंतर आमच्याकडे सौर पॅनेलवाल्यांची रीघ लागली असून प्रत्येक जण छताचे माप घेऊन ‘तुमचे बिल शून्य करून देतो’ असे सांगत आहे. शेडचे छत सुमारे ३,००० चौरस मीटर आहे, परंतु त्यातला जुना भाग सिमेंटच्या पत्र्याचा आहे. छतावर पॅनेल बसवावेत, बाहेरून हरित वीज घ्यावी की आधी यंत्रसामग्री बदलावी, हा क्रम मला ठरवता येत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ऊर्जा_ताळेबंद

शिरोलीकर, मी कारखान्यांचे ऊर्जा लेखापरीक्षण करतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तराचा मोठा भाग आहे, म्हणून आधी तेच मांडतो. आपल्याकडे एक किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलमधून वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. पक्क्या पत्र्याच्या, सावली न पडणाऱ्या भागावर ३०० किलोवॅट बसले असे धरले, तर महिन्याला सरासरी ३६,००० युनिट होतात, म्हणजे तुमच्या वापराच्या १२ टक्के. ही सरासरी आहे. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्यावर येते. छतावरच्या पॅनेलने धातू वितळवणाऱ्या कारखान्याचे बिल शून्य होत नाही, इतके त्या विक्रेत्यांना शांतपणे सांगून टाकावे.

आता दुसरी बाजू पाहा. बीड सामान्य तापमानापासून १,५०० अंशांपर्यंत नेऊन वितळवायला सिद्धांतानुसार टनाला साधारण ४०० युनिट लागतात. प्रत्यक्षात आपल्या भागातल्या भट्ट्या साडेपाचशे ते साडेसहाशेपर्यंत घेतात. तुमची ६२० घेत असेल असे धरू. तुम्ही ३५० टन ओतून २१० टन विकता, याचा अर्थ १४० टन धातू रनर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा), रायझर (धातू आकसताना भर घालणारे जादा साठे) आणि रिजेक्शनच्या (सदोष नगांच्या) रूपाने परत भट्टीत जातो आणि दर महिन्याला त्याच धातूवर पुन्हा वीज खर्च होते. हे ६० टक्क्यांचे उत्पन्न ६६ टक्क्यांवर नेता आले, तर तेवढेच कास्टिंग काढायला ३१८ टन वितळवावे लागतील. ३२ टन कमी वितळवल्याने महिन्याला सुमारे १९,७०० युनिट वाचतात. एवढी वीज छतावरून मिळवायची तर १६५ किलोवॅटचे पॅनेल लागतील. रायझरची मापे संगणकीय सिम्युलेशनवर तपासणे, जिथे शक्य आहे तिथे एक्झोथर्मिक स्लीव्ह (रायझर जास्त वेळ गरम ठेवणारे वेष्टन) वापरणे आणि पॅटर्नप्लेटवर (साच्याचा ठसा उमटवणाऱ्या पट्टीवर) एकाऐवजी दोन नग बसवता येतात का ते पाहणे, या कामांना पॅनेलच्या मानाने किरकोळ खर्च येतो. त्यात वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), फेटलिंगची चाके आणि मजुरीही वाचते, ती वेगळीच.

म्हणून माझा क्रम असा राहील की पहिल्या महिन्यात काहीही विकत न घेता भट्टी, वाळू प्लांट, कॉम्प्रेसर आणि मशीनशॉप यांना वेगवेगळे सब-मीटर लावावेत आणि प्रत्येक हीटची (भट्टीच्या एका घाण्याची) नोंद ठेवावी: किती किलो चार्ज (भट्टीत टाकलेला माल), किती युनिट, किती मिनिटे. बहुतेक फाउंड्रीत महिन्याच्या बिलाला महिन्याच्या टनांनी भागून एकच आकडा काढला जातो आणि त्या आकड्यातून काहीही कळत नाही. हीटनिहाय नोंद ठेवली की त्याच भट्टीवर, त्याच मालासाठी एका पाळीला ५७० आणि दुसऱ्या पाळीला ६८० युनिट लागतात असे प्रकार दिसू लागतात.

लॅडल

वरच्या प्रतिसादाला भट्टीवरून पुस्ती जोडतो. हा शंभर युनिटांचा फरक बहुतेक वेळा तीन ठिकाणी असतो. पहिले म्हणजे झाकण. चार्ज टाकताना उघडलेले झाकण कोणी पुन्हा बंद करत नाही आणि तोंडातून निघणारी धग शेडभर पसरत राहते. दुसरे म्हणजे थांबणे. नमुना स्पेक्ट्रोकडे (धातूची रचना तपासणाऱ्या यंत्राकडे) गेला, निकाल यायचा आहे, क्रेन दुसरीकडे अडकली आहे, मोल्ड (साचे) अजून बंद झालेले नाहीत, आणि तोवर अर्धा टन रस (वितळलेला धातू) पॉवर देऊन नुसता गरम ठेवावा लागतो. हा दोष भट्टीवाल्याचा नसून नियोजनाचा असतो. तिसरे म्हणजे परत येणारा माल. रनर-रायझरला चिकटलेली वाळू तशीच भट्टीत गेली की तिचा स्लॅग (मळी) होतो आणि वजनाच्या मानाने तिला लोखंडापेक्षाही जास्त वीज लागते. शिवाय भट्टीचे लायनिंग (आतले अस्तर) खराब होते ते निराळे. परत येणारा माल वाळू झाडणाऱ्या शॉटब्लास्ट किंवा टम्बलरमधून काढूनच चार्ज करावा. भंगारही दाट भरले जाईल असे निवडावे, कारण पोकळ आणि लांबट तुकड्यांनी भट्टी भरल्यासारखी दिसते, पण कॉइलची शक्ती नीट पोहोचत नाही.

लॅडल (रस ओतण्याचे भांडे) तापवण्याकडेही कोणाचे लक्ष नसते. आमच्या भागात अजून उघड्या गॅसच्या ज्वाळेवर किंवा लाकडावर लॅडल तापवली जाते. झाकण असलेल्या बर्नरच्या स्टँडवर ती व्यवस्थित तापली, तर भट्टीतून रस तीस-चाळीस अंश कमी तापमानाला काढता येतो.

मात्र शिरोलीकर, तुमच्या प्रश्नातला खरा पेच मला वेगळा वाटतो. सौर वीज दिवसा मिळणार आणि तुमची भट्टी रात्री चालणार. दिवसा तुमच्याकडे वाळू प्लांट, कॉम्प्रेसर आणि फेटलिंग मिळून फार तर दीड-दोनशे किलोवॅटचा भार असेल. ३०० किलोवॅटचे पॅनेल दुपारी भरात असताना उरलेली वीज बाहेर जाईल, आणि संध्याकाळनंतर तुम्ही पुन्हा महावितरणचीच वीज घ्याल.

वीजबिल_वाचक

‘लॅडल’ यांनी मांडलेला पेच आता दराच्या बाजूनेही उलटला आहे. मार्च २०२५ च्या बहुवार्षिक दर आदेशात राज्य वीज नियामक आयोगाने वेळेनुसारची सवलत रात्रीकडून काढून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या सौर तासांकडे नेली आणि सायंकाळी ५ ते मध्यरात्र या काळावर अधिभार ठेवला. त्या आदेशावर पुढे पुनर्विलोकन आणि न्यायालयीन वाद झाले असल्याने, गणित मांडताना तुमच्या ताज्या बिलावरचे वेळनिहाय आकार पाहूनच मांडावे. दिशा मात्र स्पष्ट आहे. दुपारी राज्यभर सौर वीज मुबलक असते आणि संध्याकाळी ती नसते, त्यामुळे दुपारची वीज स्वस्त व संध्याकाळची महाग होत जाणार.

याचे दोन परिणाम आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. मेल्टिंग दिवसा आणले तर भट्टीलाच सवलतीचा दर मिळतो आणि छतावरची प्रत्येक युनिट जागेवरच खपते. त्याच वेळी छतावरची वीज ज्या युनिटांची जागा घेते, ती युनिटेच आता स्वस्त असल्यामुळे पॅनेलची परतफेड पूर्वीच्या कोष्टकापेक्षा लांबते. विक्रेत्याने दाखवलेल्या कोष्टकात बचत सरासरी दराने धरली असेल, तर ती सौर तासांच्या दराने पुन्हा मांडायला सांगा. बरीच कोष्टके तिथेच गडबडतात.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येते, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेबरोबर रिॲक्टिव्ह शक्तीही (यंत्रांचे चुंबकीय क्षेत्र टिकवणारी, स्वतः काम न करणारी) त्यात धरली जाते. समजा दिवसाचा भार ४०० किलोवॅट आहे आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या एकूण शक्तीतला कामी येणारा वाटा) ०.९८ आहे. आता २५० किलोवॅट पॅनेलने दिले, तर ग्रिडकडून फक्त १५० किलोवॅट घेतले जातात, पण यंत्रांना लागणारी सुमारे ८१ केव्हीएआर रिॲक्टिव्ह शक्ती पूर्वीइतकीच ग्रिडकडून ओढली जाते. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर ०.८८ वर घसरतो. भार तोच आणि कपॅसिटरही तेच असून बिल मात्र अपेक्षेइतके उतरत नाही. त्यावर उपाय आहेत. इन्व्हर्टर रिॲक्टिव्ह शक्ती देण्याच्या पद्धतीवर बसवून घ्यावेत आणि कपॅसिटर पॅनेलचे टप्पे बारीक करून त्याचा सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) योग्य ठिकाणी आणावा. इंडक्शन भट्टीच्या हार्मोनिक्समुळे (विजेच्या लहरीतील विकृतीमुळे) साधे कपॅसिटर फुगतात, तेव्हा ते त्यांना वाचवणाऱ्या डीट्यून्ड रिॲक्टरसह घेणे इष्ट. हे सर्व खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे.

मागणी आकाराबद्दलही (महिन्यातल्या सर्वोच्च भारावर लागणाऱ्या आकाराबद्दल) भ्रम नको. महिन्यात एखाद्या ढगाळ दुपारी भट्टी आणि मशीनशॉप एकत्र चालले, की त्या महिन्याची कमाल मागणी पूर्वीइतकीच नोंदली जाते. भट्टी दिवसा आणणार असाल तर ही जोखीम वाढते. अशा वेळी डिमांड कंट्रोलर बसवून, मर्यादा जवळ आली की भट्टीची शक्ती काही मिनिटे खाली आणणे हा मार्ग व्यवहार्य आहे. वितळलेला रस तेवढ्या वेळात थंड होत नाही.

शिरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. मेल्टिंग दिवसा आणण्याचा विचार आमच्याकडेही झाला होता, पण एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली दुपारी पोअरिंग करणे कामगारांना अतिशय जड जाते आणि मोल्डिंगची पाळीही त्याच वेळी असल्याने शेडमध्ये जागा अपुरी पडते. सकाळी साडेआठला पहिली हीट सुरू करून दुपारी एक ते तीन भट्टी बंद ठेवता येईल का, याचा विचार करतो आहे. पण आम्हाला दिवसाला १४ टन वितळवायचे असतात आणि या भट्टीला त्यासाठी सोळा तास लागतात, त्यामुळे काही हीट रात्री राहणारच. एवढ्या विजेसाठी बाहेरून हरित वीज घ्यावी का? आमच्या संघटनेतील काही उद्योजक ग्रुप कॅप्टिव्हमध्ये (अनेक वापरकर्त्यांच्या भागीदारीतल्या वीजप्रकल्पात) भाग घेण्याविषयी बोलत आहेत.

कागलचा_हिशेबनीस

ग्रुप कॅप्टिव्हचे कागद आमच्या कारखान्यासाठी मी तपासले आहेत, म्हणून त्यावर लिहितो. २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी (बाहेरच्या प्रकल्पातून वीज घेण्याच्या नियमांनी) किमान भाराची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॅटवर आणल्यामुळे तुमच्या आकाराच्या ग्राहकालाही बाहेरच्या प्रकल्पातून वीज घेता येते. त्रयस्थाकडून नुसती वीज विकत घेतली तर क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार लागतात. प्रकल्पात भागीदार होऊन कॅप्टिव्ह वापरकर्ता झालात तर ते दोन्ही लागत नाहीत. वहन आकार, पारेषण आकार आणि तूट मात्र दोन्हीकडे मोजावी लागते.

कॅप्टिव्हची अट २००५ च्या वीज नियमांत आहे. वापरकर्त्यांकडे मिळून किमान २६ टक्के भागभांडवल असावे आणि वर्षातल्या निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी वापरावी. शिवाय प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात, दहा टक्के कमी-अधिक धरून, असावा लागतो. ही अट वर्षाअखेर तपासली जाते. तुमच्याबरोबरच्या एखाद्या मोठ्या भागीदाराचे उत्पादन मंदीत निम्मे झाले आणि एकत्रित वापर ५१ टक्क्यांखाली गेला, तर त्या वर्षापुरता प्रकल्प कॅप्टिव्ह राहत नाही आणि अधिभाराची वसुली तुमच्यावरही येते. त्यामुळे दर किती पैशांनी कमी मिळतो यापेक्षा भागीदार कोण आहेत, त्यांचा माल कोणत्या उद्योगाला जातो आणि असा अधिभार आला तर तो कोणी सोसायचा, ही कलमे आधी वाचावीत. करार पंधरा-पंचवीस वर्षांचे असतात आणि लवकर बाहेर पडण्याचा दंड बहुधा शेवटच्या परिशिष्टात असतो. एका विकासकाने आम्हाला पाठवलेल्या मसुद्यात नियम बदलल्याचा सर्व बोजा वापरकर्त्यावर टाकला होता. हरकत घेतल्यावर तो निम्मा-निम्मा झाला. हरकत घेतली नसती तर तसाच राहिला असता.

तुमच्यासाठी नुसत्या सौर प्रकल्पापेक्षा पवन-सौर हायब्रिड अधिक सोयीचे पडेल. साताऱ्याचे वनकुसवडे, चाळकेवाडीचे पठार किंवा सांगलीचा ढालगावकडचा भाग घ्या, तिथल्या पवनचक्क्यांची बहुतांश निर्मिती मे ते सप्टेंबरमध्ये होते, आणि तुमचे पॅनेल नेमके त्याच महिन्यांत मंदावतात. वारा रात्रीही वाहतो, त्यामुळे तुमच्या उरलेल्या रात्रीच्या हीटला थेट वीज मिळते आणि बँकिंगवर (जादा वीज ग्रिडकडे जमा करून नंतर घेण्यावर) विसंबावे लागत नाही. २०२२ च्या नियमांत किमान मासिक बँकिंग आणि महिन्याच्या वापराच्या किमान ३० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. परंतु दुपारी साठवलेली वीज संध्याकाळच्या महागड्या तासांत वापरण्यावर बंधने येत आहेत, तेव्हा बँकिंग म्हणजे फुकटची बॅटरी असे समजून क्षमता ठरवू नये.

निर्यातवाला

थोडी भर. युरोपच्या कार्बन सीमा कराची भीती घालून काही सल्लागार हरित वीज विकत आहेत, म्हणून लिहितो. १ जानेवारी २०२६ पासून तो कर प्रत्यक्ष लागू झाला असला, तरी लोखंड-पोलादाच्या वस्तूंसाठी सध्या थेट उत्सर्जनच धरले जाते. विजेचे अप्रत्यक्ष उत्सर्जन सिमेंट आणि खतांसाठी मोजतात. तुमचे कास्टिंग त्या कराच्या यादीतल्या संकेतांकांत मुळात बसते का, तेही आधी तपासावे. ग्राहकाचा अहवाल हा वेगळा विषय आहे. तिथे विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन मोजतात आणि आपल्या ग्रिडचा गुणांक युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असल्याने, वाचलेल्या वीस हजार युनिटांचे महिन्याला चौदा टन होतात. ग्राहकाला पाठवायच्या आराखड्यात हा आकडा सौर विजेच्या टक्क्याइतकाच ठळकपणे लिहावा. वाचवलेल्या युनिटला प्रमाणपत्र लागत नाही.

बेंटोनाइट

वाळू आणि पाण्याकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. आपल्या फाउंड्रींना लागणारी बरीचशी सिलिका वाळू सिंधुदुर्गातून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातल्या खाणींतून घाट चढून येते. ती काढताना तिथले डोंगर खरवडले जातात आणि वापरून झाल्यावर इथे टाकायला जागा नाही, अशी दोन्हीकडून अडचण आहे. ग्रीन सँडचे (साच्यांच्या ओल्या वाळूचे) चक्र नीट सांभाळले, म्हणजे वाळू थंड करून, बारीक धूळ काढून आणि ओलावा मोजून परत वापरली, तर नवी वाळू बरीच कमी लागते. शेल कोअरची (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणाऱ्या गाभ्यांची) रेझिन लागलेली वाळू मात्र भट्टीत साडेसहाशे-सातशे अंशांवर तापवूनच पुन्हा मिळते आणि त्याला इंधन लागते. तुमच्या एवढ्या कोअरसाठी स्वतंत्र भट्टी परवडणार नाही; चार-सहा फाउंड्रींनी मिळून सामायिक व्यवस्था केली तरच ते जमते. त्याआधी एक साधी गोष्ट पाहा: मोल्डिंग बॉक्स कास्टिंगच्या मानाने फार मोठे आहेत का? लहान नगाला मोठा बॉक्स वापरला की टनामागे वाळू वाढते आणि ती फिरवायला मिक्सर, एलिव्हेटर, शेकआउट सगळे जास्त चालते.

कॉम्प्रेसरबद्दल एवढेच की सुट्टीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करावा आणि तो किती वेळ लोडवर राहतो ते पाहावे. तो सगळा वेळ गळतीचा असतो. सात बारच्या लाइनवरचे तीन मिलिमीटरचे एक भोक तीन-चार किलोवॅट खाते. कूलिंगच्या पंपाला व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण) लावून वेग वीस टक्क्यांनी उतरवता आला, तर त्याची शक्ती जवळजवळ निम्मी होते.

पॅनेल बसवताना सिमेंटच्या पत्र्यावर कोणी बसवून देतो म्हणाले तर ऐकू नका. तो भाग आधी स्टीलच्या पत्र्याचा करून घ्यावा आणि ट्रसचा भार स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावा. फेटलिंग आणि डस्ट कलेक्टरच्या चिमणीवरून वारा ज्या बाजूला वाहतो, तिथे पहिल्या रांगा ठेवू नयेत. लोखंडाची बारीक धूळ काचेवर बसते, दवाने ओली होऊन गंजते आणि ते तांबूस डाग साध्या पाण्याने निघत नाहीत.

धुण्याच्या पाण्याची सोय त्याच छतावर आहे. आपल्याकडे वर्षाला मीटरभर पाऊस धरला तरी ३,००० चौरस मीटरवरून, गळती-बाष्पीभवन वजा जाता, चोवीसशे घनमीटरच्या आसपास पाणी मिळते. सगळे साठवण्याइतकी टाकी कोणी बांधणार नाही, पण जेवढे साठेल तेवढे आधी कूलिंग टॉवरला द्यावे. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने बोअरच्या पाण्याच्या मानाने टॉवरमधून पाणी सोडून देण्याची वेळ खूप कमी येते आणि सॉफ्टनरचे मीठही वाचते. जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरी मात्र टाकीत घेऊ नयेत, कारण वर्षभराची काळी धूळ त्यांतच उतरते. त्यासाठी पन्हळीच्या खालच्या पाइपला एक वेगळा व्हॉल्व्ह ठेवावा आणि तो केव्हा फिरवायचा हे देखभालीच्या माणसाच्या यादीत लिहून ठेवावे.